मुरुमाच्या मैदानासाठी पहिली रिमोटची गाडी : एका निवडीचं प्रकरण

गेल्या दिवाळीत ताईने भाच्याला रिमोटची गाडी घेऊन दिली. किंमत २,२०० रुपये, चाकं तळहाताएवढी, खोक्यावर डोंगर चढणाऱ्या गाडीचं चित्र. तिसऱ्या आठवड्यात ती एका जागी उभी राहून नुसती घुंईघुंई करायला लागली. मोटर फिरत होती, चाकं फिरत नव्हती. साताऱ्यात दोन दुकानांत दाखवली. एकाने मोटर बदलून पाहिली, फरक पडला नाही. दुसऱ्याने गाडी उघडून दाखवलं की आतल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाचे दात झिजून सपाट झालेत, आणि ते चाक सुटं मिळत नाही. गाडी कपाटावर गेली.

भाचा ११ वर्षांचा आहे. त्याने मला फोन करून विचारलं, "मामा, एक दात गेला म्हणून अख्खी गाडी फेकायची का?"

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, गाड्या चालवतो, उघडतो, जोडतो. त्यामुळे हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. पुढची गाडी घेताना 'किती पळते' याऐवजी या प्रश्नापासून सुरुवात करायची, असं आम्ही ठरवलं. दाजींनी १२,००० रुपयांची मर्यादा घातली, आणि त्यात बॅटरी, चार्जर सगळं बसायला हवं होतं. शिवाय एक अट: गाडी बिघडली तर ती घरी दुरुस्त व्हायला हवी.

मोडलेली गाडी उघडून पाहिली तेव्हा

मी साताऱ्याला गेलो तेव्हा आधी कपाटावरची गाडी खाली काढली आणि भाच्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. दुकानात जाण्याआधीचा हा अर्धा तास मला सगळ्यात उपयोगी वाटतो.

आत एकच हिरवी पट्टी होती. रिमोटचे संकेत तीच घेणार, मोटरला वीज तीच देणार, पुढची चाकं वळवणारी छोटी मोटरही तीच चालवणार. तिच्यातलं एक काही जळलं की तिन्ही कामं बंद. स्टिअरिंगला तीन जागा होत्या: पूर्ण डावीकडे, मध्ये, पूर्ण उजवीकडे. थोडंसं वळवायची सोयच नाही. वेगाचंही तेच, एक तर थांबलेली नाही तर पूर्ण जोरात. भाचा तीन आठवडे जी गाडी भिंतींवर आपटत होता, तिला हळू वळण घेणं शक्यच नव्हतं. "म्हणजे माझी चूक नव्हती?" असं त्याने विचारलं. नव्हती, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. ताईलाही सांगितलं, कारण "नीट चालवत नाहीस" हे त्याने बऱ्याच वेळा ऐकलं होतं.

छंदाच्या दर्जाची गाडी, जिला सगळे 'हॉबी ग्रेड' म्हणतात, ती इथेच वेगळी पडते. तिच्यात रिमोटचे संकेत घेणारा रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी आणि स्टिअरिंग ओढणारा सर्व्हो ही बहुधा वेगवेगळी अंगं असतात आणि प्रत्येक अंग सुटं विकत मिळतं. (लहान आकाराच्या काही गाड्यांत रिसीव्हर आणि ईएससी एकाच डबीत असतात. पण ती डबीही सुटी मिळते.) ट्रिगर जेवढा दाबाल तेवढाच वेग, चाक जेवढं फिरवाल तेवढंच वळण. ही पद्धत फार जुनी आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ साली १/१२ मापाची (खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढी) पोर्श ९३४ सुट्या भागांच्या संचात विकायला काढली. गाडी स्वतः जोडायची, मोडली तर भाग मागवायचा, ही रीत अशा संचांनी घराघरांत रुजवली. पुढे १९८६ साली टेक्सासमध्ये सुरू झालेल्या ट्रॅक्ससने जोडून तयार गाड्या विकण्यावर भर दिला, तरी सुटे भाग मिळण्याची पद्धत तशीच राहिली.

दुकानात ओळखायची एक सोपी खूण भाच्याला शिकवली. रिमोटचं चाक अगदी किंचित फिरवायचं. गाडीची चाकंही किंचितच वळली तर पुढे बोलायचं. एकदम टोकाला गेली तर ठेवून द्यायची. मग दुसरा प्रश्न दुकानदाराला: "हिचं स्पर गिअर आणि पुढचा आर्म सुटा द्या, आहे का?" हे दोन भाग, म्हणजे मोटरचा जोर पुढे नेणारं मोठं दातेरी चाक आणि पुढचं चाक धरून ठेवणारा दांडा, सगळ्यात आधी जातात. ते त्याच दुकानात किंवा आठवड्याभरात पोस्टाने मिळत असतील तर गाडी घ्यायला हरकत नाही.

मैदान मोजलं

ताईच्या घरामागे प्लॉट पाडलेली मोकळी जागा आहे. अजून बांधकाम नाही, मुरूम टाकून रोलर फिरवलेला, कडेला विटांचा ढीग आणि गवत. भाच्याने आणि मी ती पावलांनी मोजली, मग टेपने तपासली. लांबी ३० मीटर, रुंदी १८. घरासमोर पेव्हर ब्लॉकचं पार्किंग आहे, पण तिथे लहान मुलं असतात आणि संध्याकाळी आजी मंडळी कट्ट्यावर बसतात. पार्किंगचा विचार तिथेच सोडला.

आता गणित. भाच्याच्या मनात एक गाडी होती, वर्गातल्या मित्राने दाखवलेली: डब्ल्यूएल टॉइजची १४४००१. १/१४ मापाची, चारही चाकांना जोर, ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, कंपनी ताशी ६० किलोमीटर वेग सांगते. गाडी चांगली आहे, पुष्कळांनी तिच्यावरच छंद सुरू केला आहे. पण ताशी ५० किलोमीटर धरला तरी ती सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. आमचं ३० मीटरचं मैदान सव्वादोन सेकंदांत संपतं. त्यातच वेग घ्यायचा, वळायचं आणि थांबायचं. भाच्याला मी टाळी वाजवून दाखवलं: एक टाळी, दुसरी टाळी, विटांचा ढीग.

वेग निम्मा केला की धडकेचा जोर निम्मा नाही, चौथाई होतो. पन्नासच्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे गाडी जवळपास १० मीटरांवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडणं. पंचवीसच्या वेगाने आदळणं म्हणजे अडीच मीटरांवरून. दाजी तोवर पेपर वाचत होते. हा हिशेब ऐकून ते पेपर बाजूला ठेवून आमच्यात येऊन बसले, कारण हाच हिशेब कुणाच्या पायाच्या नडगीलाही लागू होतो.

मैदानाने आणखी दोन गोष्टी ठरवल्या. मुरुमात बोराएवढे खडे असतात, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं आणि चाकं मोठी हवीत. आणि मुरुमाची धूळ खरखरीत असते. ती उघड्या दातेरी चाकांत गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते. म्हणून गिअरवर झाकण हवं.

पर्याय पाहताना

१४४००१ सारखी रेसिंगची बुटकी बग्गी अशी बाजूला पडली. भाच्याला स्वतः जोडायची हौस होती, म्हणून तामियाचा टीटी-०२ चासिसचा संच मी मनापासून पाहिला. २०१३ पासून मिळतो, जोडायला सोपा, आणि गिअरही बंद पेटीत असतात. पण ती डांबरी किंवा गुळगुळीत जागेची गाडी आहे, पोट जमिनीला टेकायला आलेलं. शिवाय संचाच्या किमतीत रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर सहसा नसतात. पहिल्यांदा घेणाऱ्याची इथे फार वेळा फसगत होते. खोक्यावरची किंमत बजेटमध्ये बसते आणि गाडी मात्र कपाटात राहते, कारण तेवढीच रक्कम अजून लागते.

माझं स्वतःचं मत क्रॉलरकडे झुकत होतं. क्रॉलर म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने दगडगोटे चढणारी गाडी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, मैदान नसलेल्या मुलासाठी १/२४ मापाच्या क्रॉलरइतकी चांगली पहिली गाडी मला माहीत नाही. उशा, पुस्तकं, जिन्याच्या पायऱ्या यांचाच डोंगर होतो, कुणाला लागत नाही, सुटे भागही मुबलक आहेत. पण भाच्याला उडी मारायची होती. मुरुमाच्या उंचवट्यावरून गाडी हवेत जाऊन खाली यावी, हे त्याचं स्वप्न होतं. मुलाला जे हवंय ते पूर्णच नाकारून मोठ्यांच्या आवडीची गाडी दिली तर ती चार दिवसांत कपाटावर जाते. मी हट्ट सोडला.

उरला तो १/१० मापाचा मॉन्स्टर ट्रक. मोठी चाकं, उंच पोट, चारही चाकांना शाफ्टने जोर, साधी ब्रश मोटर, म्हणजे आत घासून वीज पोहोचवणारे छोटे ब्रश असलेली. ब्रशलेस मोटर जास्त टिकते आणि जास्त जोर देते, पण पहिल्या गाडीला तो जोर नकोच होता. ब्रश मोटर स्वस्त आहे, गेली तर दोन वायरी काढून दुसरी बसते, आणि ती ११ वर्षांच्या मुलाला उघडून समजावता येते.

नवा ट्रक बॅटरी-चार्जरसकट बजेटच्या बाहेर जात होता. आपल्याकडे आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, परदेशातल्या किमती पाहून बजेट धरणाऱ्यांची तिथेच चूक होते. चुलतभावाला परदेशातून आणायला सांगावं, असं ताई म्हणाली. मी नको म्हटलं. गाडी येईल, पण आर्म मोडला की पुन्हा त्याच भावाची वाट पाहायची.

म्हणून जुनी घ्यायचं ठरवलं. हॉबी ग्रेडच्या गाडीला तोच मोठा फायदा आहे: झिजलेला भाग बदलला की ती पुन्हा नव्यासारखी चालते. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडे असा ट्रक होता. त्याचा साचा चिनी आहे आणि तोच साचा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. त्यामुळे भाग एका नावाचे संपले तर दुसऱ्या नावाचे बसतात.

जुनी गाडी तपासताना

भाच्याला मुद्दाम बरोबर नेलं. मी सांगत गेलो, हात त्याचे होते.

आधी प्रत्येक चाक धरून हलवलं. पुढचं उजवं चाक थोडं डुगडुगलं, म्हणजे बेअरिंग सैल. धक्के झेलणाऱ्या शॉकच्या नळ्यांवर बोट फिरवलं. मागच्या एकाला तेल लागलं, म्हणजे तो गळत होता. स्पर गिअरचं झाकण काढलं, दात टोकदार नव्हते, चांगले होते. मग मागचं एक चाक हाताने फिरवलं आणि जोडीचं चाक उलट फिरतं का पाहिलं, म्हणजे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) शाबूत आहे हे कळतं. गाडी पेटीवर ठेवून चाकं अधांतरी केली, आधी रिमोट चालू केला, मग गाडी. ट्रिगर थोडा दाबून धरला आणि रिमोट बंद केला. चाकं लगेच थांबली. ही तपासणी कधीही सोडू नये. रिमोटची बॅटरी संपली किंवा गाडी टप्प्याबाहेर गेली तर ती थांबणार की तशीच सुसाट जाणार, हे त्यातूनच कळतं. चालू करताना रिमोट आधी, बंद करताना गाडी आधी, हा क्रम भाच्याने तिथेच तीनदा म्हणून घेतला.

विकणाऱ्या विद्यार्थ्याने बरोबर एक लिपो बॅटरी फुकट देऊ केली. ती मधोमध फुगली होती. मी घेतली नाही आणि त्यालाही वापरू नकोस, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दे, असं सांगितलं. फुगलेली लिपो चार्जरला लावणं म्हणजे घरात आगीला जागा देणं.

बॅटरीचा निर्णय या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे, गाडीपेक्षाही. लिपो हलकी आणि ताकदवान असते, पण तिला शिस्त लागते. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही, बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असलेली) लावूनच चार्ज करायची, आणि आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायची. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली की ती खराब होते. शाळा, परीक्षा, गावाला जाणं यांत हे ११ वर्षांच्या मुलाने पाळावं अशी अपेक्षा मी करणार नाही. म्हणून सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घेतली, ३,००० एमएएच. जड आहे, वेग थोडा कमी मिळतो, पण तिला चुका सोसतात. चार्जर मात्र दोन्ही प्रकारांना चालेल असा घेतला, कारण गाड्या बदलतात आणि चार्जर वर्षानुवर्षं टिकतो.

ईएससीवर एक बारीक जंपर असतो, बॅटरी कोणती आहे ते सांगणारा. तो लिपोवर होता. तसाच ठेवला असता तर निकेलच्या बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाच गाडी मंदावली असती. उलटी चूक जास्त महागात पडते: लिपो लावून जंपर निकेलवर ठेवला तर बॅटरी गरजेपेक्षा खाली उतरते आणि मरते. जुनी गाडी घेणाऱ्याने हा जंपर पाहिल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

ट्रक ७,५०० ला ठरला. बॅटरी १,६००, चार्जर १,८००, आणि एक स्पर गिअर, दोन आर्म, शॉकचे ओ-रिंग (रबरी कड्या) मिळून ७००. एकूण ११,६००. भाग आम्ही त्याच दिवशी घेतले, मोडण्याची वाट पाहिली नाही. ज्या शनिवारी गाडी मोडते त्याच शनिवारी ती दुरुस्त झाली तर मूल छंदात टिकतं, असा माझा अनुभव आहे.

पहिले सहा आठवडे

अशा बहुतेक गाड्यांच्या खोक्यावर '१४ वर्षांवरील' असं छापलेलं असतं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि हॉबीच्या गाड्या त्या गटात धरलेल्या नसतात. हे मी ताई आणि दाजींना स्पष्ट सांगितलं. ही गाडी खेळणं म्हणून भाच्याच्या हाती देऊन आत जाऊन बसायची नाही. दाजी मैदानात उभे राहायला तयार झाले. चार्जिंग ओट्याजवळच्या फरशीवर, कुणीतरी घरात जागं असतानाच.

रिमोटवर वेगाची कमाल मर्यादा ठरवायचा खटका होता. तो पहिले दोन आठवडे निम्म्यावर ठेवला. सराव दोन चपलांनी झाला. मैदानात दहा पावलांच्या अंतरावर दोन चपला ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा. लांब जाताना सगळ्यांना जमतं. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि तिथेच ती विटांत जाते. भाच्याला हे चौथ्या दिवशी जमलं. दाजींना त्याआधीच जमलं होतं, म्हणून भाच्याने पाचव्या दिवशी अर्धा तास जास्त मागितला.

एका बॅटरीत साधारण १५ मिनिटं चालते. त्यानंतर मोटरला तेवढीच विश्रांती. मोटरवर बोट टेकवून तीन सेकंद धरवत नसेल तर पुढची फेरी नाही, हा आमचा नियम. खेळून झालं की सायकलच्या पंपाने धूळ उडवायची, रंगाच्या जुन्या ब्रशने आर्मचे सांधे झाडायचे. मुरूम ओला असेल तर गाडी बाहेर काढायची नाही. चिखल वाळला की तो बेअरिंगमध्ये दगड होऊन बसतो.

तिसऱ्या आठवड्यात पुढचा डावा आर्म मोडला. उडी घेताना हवेत ट्रिगर सोडला की नाक खाली जातं, हे त्याला त्या दिवशी कळलं. आर्म बदलायला पाऊण तास लागला, कारण स्क्रू गवतात पडला होता. तेव्हापासून दुरुस्ती घरात, स्टीलच्या ताटात. बॉडीला तडा गेला तो हार्डवेअरच्या दुकानातल्या प्लॅस्टरच्या जाळीच्या टेपने आणि डिंकाने आतून बुजवला. दिसत नाही आणि टिकलाय.

पाचव्या आठवड्यात माझा अंदाज चुकला ते सांगायला हवं. पिनियनचा, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाचा, छोटा स्क्रू घट्ट आहे असं मी धरून चाललो होतो, तपासला नव्हता. तो ढिला होऊन पिनियन सरकला आणि स्पर गिअरचे चार दात गेले. जुनी गाडी घेताना धातूला धातू लागतो त्या प्रत्येक स्क्रूवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा) थेंब टाकायचा, हे मी इतरांना सांगतो. यावेळी घाईत राहिलं.

मी पुण्यात होतो. भाच्याने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डब्याला टेकवून ठेवला. नवा स्पर बसवला, मग जुन्या मासिकाच्या पानाची पट्टी कापून दोन दातेरी चाकांमध्ये घातली, मोटर दाबून स्क्रू आवळले, चाक फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर नागमोडी घडी पडली होती, कागद कुठेही फाटला नव्हता. दात जास्त घट्ट नाहीत आणि सैलही नाहीत याची ती खूण. त्याने पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. आता ती त्याच्या वहीत चिकटवलेली आहे, शेजारी तारीख आणि 'स्पर गिअर नं. २'.

पुढच्या उजव्या चाकाची डुगडुग मात्र वाढली आहे. बेअरिंगचं बाहेरचं माप, आतलं माप आणि जाडी त्याने शाळेतल्या व्हर्नियरने मोजून मला पाठवली आहे. शनिवारी येताना पाकीट घेऊन यायला सांगितलंय, चारही चाकांना पुरेल एवढं.